आष्टीचा सर्व्हर सकाळी का बंद पडायचा

लांबच्या गावातला लिनक्स सर्व्हर सारखा बंद पडत असेल तर सुरुवात कुठून करायची, यावरचा हा भाग. ऐकायला सवड नसेल त्यांच्यासाठी हा लिखित मजकूर. एकच प्रकरण सांगतो, बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातलं.

तिथल्या एका दूध संकलन केंद्रावर छोटा सर्व्हर आहे. सकाळ-संध्याकाळ दूध आलं की लिटर, फॅट, एसएनएफ त्यात नोंदलं जातं आणि दर दहा दिवसांनी त्यावरून शेतकऱ्यांचं बिल निघतं. मी पुण्यात बसून एसएसएचवरून तो सांभाळतो. मध्यंतरी तो आठवड्यातून तीन-चारदा भर संकलनात बंद पडायला लागला. मग ऑपरेटर पोरगा वहीत लिहायचा, मशीन परत चालू करायचा आणि रात्री वहीतलं आत भरायचा. एकदा भरताना दोन खात्यांचे आकडे अदलाबदल झाले. झाली बोंबाबोंब! चेअरमन फोनवर म्हणाले, "पोरगंच काहीतरी उचापती करतंय. तुम्ही नुसतं हो म्हणा, उद्या दुसरा बसवतो." पोरगा म्हणायचा, "सर, म्या हात बी लावत न्हाई."

मी म्हटलं, थोडं थांबा.

अशा वेळी कारणाच्या मागे लागण्याआधी मशीन कोणत्या प्रकारे बंद पडलं ते ठरवावं. कुणी रीतसर शटडाउन केलं, कर्नल पॅनिक झालं, मशीन गोठलं, की वीज गेली? 'लास्ट' ही कमांड एक्स पर्याय देऊन चालवली की रीतसर शटडाउनच्या नोंदी दिसतात. शटडाउनची नोंद नसताना मशीन पुन्हा चालू झालं असेल, तर तिथे 'क्रॅश' लिहिलेलं येतं. इथे ओळीने क्रॅशच होते. म्हणजे मेनूतून कुणी बंद केलेलं नव्हतं.

पुढे जर्नल बघायचं. इथे एक मेख आहे. व्हार-लॉगमध्ये 'जर्नल' नावाचा फोल्डरच नसेल, तर बऱ्याच ठिकाणी सिस्टीम-डी आपल्या नोंदी रॅममध्ये ठेवतं. मशीन गेलं की पुरावाही गेला. आमच्याकडे नेमकं हेच होतं. फोल्डर बनवून दिला आणि पुढच्या क्रॅशची वाट बघत बसलो. 'जर्नलसीटीएल'ला बूट वजा एक सांगितलं की आधीच्या बूटच्या नोंदी मिळतात, आणि त्यातल्या शेवटच्या दहा-वीस ओळी महत्त्वाच्या.

त्या ओळींच्या थोडं वर मला 'आउट ऑफ मेमरी' दिसलं आणि मी हुरळलो. रात्रीच्या बॅकअपचा प्रोग्राम रॅम खात होता. तो दुरुस्त केला, चेअरमनना "झालं" असं कळवून टाकलं. चौथ्या दिवशी सकाळी परत बंद! चूक माझी. ओओएम किलर एखादी प्रोसेस मारतो, सहसा अख्खं मशीन बंद करत नाही. शिवाय ती ओळ रात्री दोनची होती, क्रॅश सकाळी सातचा. सापडलेला दोष आणि शोधत असलेला दोष एकच असेल, असं मी धरून चाललो होतो.

मग एक बारीक गोष्ट लक्षात आली. प्रत्येक क्रॅशनंतरच्या बूटच्या पहिल्या काही ओळींवर जुनीच तारीख होती. इंटरनेटवरून वेळ मिळाली की ती सरळ व्हायची. म्हणजे मदरबोर्डवरचा घड्याळाचा सेल संपलेला. सेल संपला तरी पिन बोर्डात असेपर्यंत घड्याळ चालतं, कारण पॉवर सप्लाय थोडी वीज देतच असतो. म्हणजे तारीख बिघडण्यासाठी वीज पूर्ण तुटायला हवी. खात्री म्हणून रात्री पोराला आधी बटण दाबून धरून मशीन बंद करायला लावलं: तारीख ठीक. मग पिन काढायला लावली: तारीख जुनी. पॅनिक, गोठणं, बटण, सगळे संशयित एका फटक्यात बाद.

चेअरमन लगेच, "म्हणजे पिनच काढतोय!"

केंद्रावर एक जुना लॅपटॉप पडून होता, बॅटरी अजून धरणारा. त्यात लिनक्स टाकलं, चार्जर त्याच यूपीएसच्या दुसऱ्या सॉकेटला लावला. चार्जरला वीज आहे की नाही हे कर्नल एका फाइलमध्ये एक किंवा शून्य असं दाखवतो. तो आकडा दर सेकंदाला वेळेसह लिहून ठेवणारी चार ओळींची स्क्रिप्ट चालू केली. नेटकन्सोलही लावलं, म्हणजे कर्नलचे शेवटचे शब्द नेटवर्कवरून लॅपटॉपकडे येतील. ते आलेच नाहीत, आणि तेही उत्तरच होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी सर्व्हरच्या नोंदी थांबल्या त्याच सेकंदाला लॅपटॉपवर शून्य. दोन्ही सॉकेट एकदम मेले, म्हणजे यूपीएसच गेला. सर्व्हरवरची शेवटची दुधाची नोंद त्याच्या आठ सेकंद आधीची, म्हणजे पोरगा काउंटरवर होता. मी फोन करून विचारलं, "त्या वेळी दुसरं काय चालू झालं?"

"काय न्हाई सर. कूलर चालू झाला की."

कोमट दूध टाकीत पडलं की बल्क कूलरचा कॉम्प्रेसर सुरू होतो. अशी मोटर सुरू होताना नेहमीच्या पाच-सात पट करंट ओढते. गावाकडच्या फीडरवर व्होल्टेज आधीच कमी, त्यात हा झटका. यूपीएस बॅटरीवर जाऊ बघायचा आणि बॅटरी पार मेलेली. फुगली होती, पोराने फोटो पाठवला. फीडरला व्होल्टेज बरं असेल त्या दिवशी सगळं सुरळीत, म्हणून प्रकार रोज होत नव्हता.

यूपीएसची बॅटरी बदलली, मदरबोर्डचा सेल बदलला, कूलरची लाइन वेगळ्या फेजवर घेतली. यूपीएसची यूएसबी वायर सर्व्हरला जोडून नेटवर्क यूपीएस टूल्स बसवलं. आता बॅटरी उतरत आली की सर्व्हर स्वतः रीतसर बंद होतो. लॅपटॉपची स्क्रिप्ट तशीच चालू ठेवली आहे.

पोराला चेअरमन पुढे काही बोलले नाहीत, चांगलं नाही की वाईट नाही. तो आहे तिथेच आहे. पुढचं बिल वहीशिवाय निघालं. वही मात्र काउंटरवरच असते, मीच ठेवायला सांगितलीय.