अरिमा किनेन: ‘१० वर्षांचा ट्रेंड’ किती कामाचा?

जपानमध्ये डिसेंबरच्या अखेरीस नाकायामा रेसकोर्सवर अरिमा किनेन ही २,५०० मीटरची घोड्यांची शर्यत होते. त्याआधी ‘गेल्या १० वर्षांचा ट्रेंड’ सांगणारे चार्ट फिरू लागतात. असा चार्ट दिसला की मी आधी मोजतो, यात शर्यती किती? ही शर्यत वर्षातून एकदाच होते, म्हणजे निकाल फक्त १०. इतक्या कमी आकड्यांत योगायोगसुद्धा नियमासारखा दिसतो.

दुसरं म्हणजे, इथे भाव बुकी ठरवत नाही. सगळ्यांचे पैसे एकत्र जमा होतात आणि कोणत्या घोड्यावर किती लागले, त्यावरून भाव ठरतो. ट्रेंड सगळ्यांना कळला की त्याच घोड्यावर पैसे वाढतात आणि जिंकल्यावर मिळणारी रक्कम घटते.

शिवाय आयोजकांचा वाटा आधीच कापला जातो. विजेता ओळखायच्या तिकिटावर २० टक्के, पहिले तीन घोडे क्रमाने ओळखायच्या तिकिटावर २७.५ टक्के. १६ घोडे धावले तर असे क्रम होतात ३,३६०! म्हणजे या तिकिटांवर १०० येनमागे सरासरी ७२.५ येनच परत येतात.

म्हणून चार्ट शर्यत समजून घ्यायला बघा, त्याच्या भरवशावर पैसे लावू नका.