तिरकी रेघ: चौरसाच्या कर्णाबद्दलचे गैरसमज

बुद्धिबळाच्या रिकाम्या पटावर राजा एका कोपऱ्यातून कडेकडेने पुढच्या कोपऱ्यात न्यायचा तर सात चाली लागतात. तिरका, थेट विरुद्ध कोपऱ्यात न्यायचा तरी सातच. घरं दोन्हीकडे आठ. त्यामुळे तिरकं अंतर बाजूइतकंच असणार असं सहज वाटून जातं, आणि चौकटीच्या वहीत आकृती काढणारी मुलं कर्णाची लांबी चौकटी मोजून लिहून टाकतात. त्यांची मोजणी बरोबर असते, माप मात्र बदललेलं असतं. सरळ जाताना राजा घराची बाजू ओलांडतो, तिरका जाताना घराचा कर्ण. घर ५ सेंटीमीटरचं असेल तर पटाची बाजू ४० सेंटीमीटर भरते आणि कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचं अंतर ५६.५७ सेंटीमीटर. पट्टी लावून कुणीही पाहावं.

हा आकडा येतो पायथागोरसच्या प्रमेयातून. कर्ण ओढला की चौरसाचे दोन काटकोन त्रिकोण होतात. काटकोनाच्या दोन्ही बाजू ४०, म्हणून कर्णाचा वर्ग १६०० अधिक १६००, म्हणजे ३२००. त्याचं वर्गमूळ ५६.५७. चौरस केवढाही असो, बाजूला √२ ने गुणलं की कर्ण मिळतो.

उलट दिशेचा गैरसमज जास्त चकवणारा आहे. कर्णाला लागून जिना काढा, पायऱ्या लहान लहान करत न्या. जिना शेवटी कर्णाला इतका चिकटतो की डोळ्यांना दोन्ही एकच दिसतात. मग कर्णाची लांबी दोन बाजूंच्या बेरजेइतकी का नसावी? कारण पायरी कितीही बारीक केली तरी आडवे तुकडे मिळून एक बाजू आणि उभे तुकडे मिळून दुसरी बाजू होतेच. जिन्याची लांबी तसूभरही घटत नाही; घटतं ते फक्त जिना आणि कर्ण यांच्यामधलं क्षेत्रफळ. दोन रेषा जवळ आल्या म्हणून त्यांची लांबी सारखी होत नाही, ही गणितातली फार मोलाची गोष्ट या साध्या जिन्यात दडलेली आहे.

सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो क्षेत्रफळात. महाराष्ट्रात जमिनीचा हिशेब गुंठ्यांत होतो. ३३ फूट बाय ३३ फूट, म्हणजे १०८९ चौरस फूट, हा एक गुंठा. आता दोन गुंठ्यांचा चौकोनी तुकडा आखायचा तर बाजू किती घ्यावी? घाईत ‘६६ फूट’ असं उत्तर येतं. पण ६६ बाय ६६ म्हणजे ४३५६ चौरस फूट, चक्क चार गुंठे. बरोबर उत्तर एका गुंठ्याच्या कर्णात आहे: ४६ फूट ८ इंच. या कर्णालाच बाजू मानून नवा चौरस काढला की त्यात मूळ चौरसाच्या अर्ध्या तुकड्याएवढे चार त्रिकोण बसतात. मूळ चौरसात असे दोनच होते. म्हणजे क्षेत्रफळ दुप्पट. हे पटायला प्रमेय पाठ असण्याचीही गरज नाही, कागद घडी घालून दिसतं. प्लेटोच्या ‘मेनो’ या संवादात सॉक्रेटिस एका गुलाम मुलाला हेच कोडं घालतो. दोन फूट बाजूच्या चौरसाची दुप्पट करायला मुलगा आधी चार फूट सांगतो, मग तीन, आणि शेवटी कर्णापाशी पोहोचतो. इतक्या शतकांनंतरही चूक तीच आहे आणि तीच वाट तिच्यातून बाहेर काढते.

शाळेत √२ म्हणजे १.४१४ असं घोकलेलं असतं, म्हणून तीच त्याची नेमकी किंमत असल्याचा समज पक्का होतो. १.४१४ चा वर्ग १.९९९३९६ येतो, २ येत नाही. ७४ सेंटीमीटर बाजूच्या कॅरम बोर्डावर याने मिलिमीटरच्या सहाव्या भागाइतकाही फरक पडत नाही, पण बाजू एक किलोमीटरची घेतली तर चूक २१ सेंटीमीटरवर जाते. आणखी अंक घेतले तर चूक कमी होते, संपत कधीच नाही. कारण √२ अपरिमेय आहे. कोणताही अपूर्णांक त्याच्याशी तंतोतंत जुळत नाही.

इथून पुढचा गैरसमज असा, की ज्या संख्येचे अंक संपत नाहीत ती लांबी धूसर असणार, नेमकी काढता येणार नाही. प्रत्यक्षात चौरस काढून त्याचे दोन कोपरे जोडले की ती लांबी समोर हजर. अंक संपत नाहीत. रेघ मात्र ठरलेल्या बिंदूवर संपते.

हे सगळं पायथागोरसने शोधलं, हाही समज तपासायला हवा. पायथागोरस इसवी सनापूर्वी सहाव्या शतकातला. येल विद्यापीठाच्या संग्रहातली मातीची एक बॅबिलोनियन पाटी त्याच्याही हजारेक वर्षं आधीची आहे. तिच्यावर चौरस आणि त्याचे कर्ण कोरले आहेत, बाजूला ३० हा आकडा आहे आणि कर्णावर साठमान पद्धतीत १. २४, ५१, १० असे अंक आहेत. दशमानात ते १.४१४२१३ च्या किंचित खाली येतात. एक किलोमीटर बाजूला याने चूक होते ती एका मिलिमीटरहूनही कमी. आपल्याकडे यज्ञवेदी आखण्यासाठी रचलेल्या बौधायन शुल्बसूत्रात चौरसाच्या कर्णावरचं क्षेत्रफळ दुप्पट होतं हा नियम स्वच्छ सांगितला आहे, आयतासाठीचा सर्वसाधारण नियमही आहे. √२ साठी तिथे एकात एक तृतीयांश मिळवायचा, त्या तृतीयांशाचा चौथा भाग मिळवायचा आणि या चौथ्या भागाचा चौतिसावा भाग वजा करायचा. उत्तर ५७७/४०८. किलोमीटरमागे चूक दोन मिलिमीटरच्या आसपास, तीही दोरीने मापणाऱ्यांच्या काळात! मात्र बौधायनाने सिद्धता दिलेली नाही, आणि युक्लिडच्या ‘एलिमेंट्स’च्या पहिल्या भागात ४७ वं विधान म्हणून ती व्यवस्थित मांडलेली सापडते. नियम माहीत असणं आणि तो सिद्ध करणं ही दोन वेगळी कामं आहेत. दोन्हींचं श्रेय आपापल्या जागी द्यावं.

बांधकामावर या कर्णाचा उपयोग रोज होतो. खोली गुण्यात आहे का हे पाहायला गवंडी दोन्ही कर्ण टेपने मापतात. १० फूट बाजूच्या खोलीत कर्ण १४ फूट १.७ इंच यायला हवा. चारही बाजू बरोबर १० फुटांच्या असल्या आणि कोपरा फक्त एका अंशाने कलला, तरी एक कर्ण वाढतो, दुसरा घटतो, आणि दोघांत जवळजवळ ३ इंचांचा फरक पडतो. डोळ्यांना न दिसणारा कल टेपवर लगेच दिसतो. पण दोन कर्ण सारखे आले म्हणजे काम झालं असंही नाही: समोरासमोरच्या दोन भिंती कमीजास्त असूनही कर्ण सारखे येऊ शकतात, जसे समद्विभुज समलंब चौकोनात येतात. म्हणून आधी चारही भिंती मापायच्या, मगच टेप तिरकी धरायची.