घर कोणाच्या नावावर? वाघोलीत फ्लॅट घेणाऱ्यांसाठी

पेठांतली जागा परवडेनाशी झाल्यावर आपले अनेक कारागीर व छोटे व्यापारी नगर रस्त्यावर वाघोलीकडे घर पाहतात. वाघोली २०२१ साली महापालिकेत आली. भाव, पाणी, रस्ता यांची चौकशी सगळेच करतात. दस्तावर नाव कोणाचे, हा प्रश्न मात्र सहीच्या दिवसापर्यंत राहून जातो. आमच्या मते तो पहिला प्रश्न आहे.

समजा, दोघे भाऊ एका गल्ल्यावर बसतात. पैसा दोघांचा, पण फ्लॅटचा दस्त थोरल्याच्या एकट्याच्या नावाने होतो. "घर एकच आहे, नावात काय?" असे म्हटले जाते. हिंदू कायद्यात एकत्र कुटुंबाची मिळकत असते. मुस्लिम कायद्यात ती कल्पनाच नाही. थोरला वारला व त्याला मुलगा असला, तर वारसा बायको-मुलांचा, आई-वडील हयात असल्यास त्यांचाही. धाकट्या भावाला वारस म्हणून काहीच नाही. पैसे मी दिले होते, असे कोर्टात सांगायला जावे तर १९८८ चा बेनामी कायदा आडवा येतो. भावाच्या नावावर घेतलेल्या मिळकतीला त्यात सूट आहे, पण दोघांची नावे दस्तात मालक म्हणून असतील तरच. सबब दोन्ही नावे घाला व हिस्साही लिहा. हिस्सा लिहिला नाही, तर ज्याने जितका पैसा दिला तितका त्याचा. पुरावा नसेल तर समान धरतात. पैसा चेकने द्यावा, म्हणजे पुरावा आपोआप राहतो.

पती-पत्नीचेही तसेच. निम्मे-निम्मे नाव असेल तर पतीच्या पश्चात वाटणी फक्त त्याच्या निम्म्याची होते. मुले असल्यास पत्नीला त्यातला आठवा हिस्सा मिळतो, व स्वतःचे निम्मे शाबूत राहते. घर केवळ स्त्रीच्या नावे घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत २०२१ पासून आहे. जोडीला पतीचे नाव आले की ती जाते. बँकेच्या कर्जावर सही केली म्हणून कोणी मालक होत नाही, आणि सोसायटीतला नॉमिनीही मालक नव्हे. तो वारसांच्या वतीने सांभाळणारा. हा गैरसमज फार घरांत भांडण लावतो.

इमारतीची मालकी कशी आहे तेही विचारावे. सहकारी सोसायटीत जमीन-इमारत सोसायटीच्या नावे होते व आपल्याकडे सभासदत्व आणि शेअर सर्टिफिकेट येते. १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखाली फ्लॅट आपला व जमिनीत ठरलेला अविभक्त हिस्सा. दोन्ही चालतात, पण बिल्डरने जमिनीचे हस्तांतरण करून दिले पाहिजे. तो टाळत असेल तर सोसायटीला जिल्हा उपनिबंधकाकडे मानीव अभिहस्तांतरणाचा अर्ज करता येतो. बयाना देण्यापूर्वी सातबारा व महारेरा क्रमांक पाहावा. ग्रामपंचायतीच्या काळातला घरपट्टीचा उतारा कोणी पुढे केला, तर तो कराचा कागद आहे, मालकीचा नव्हे.