शिवेवरचे दगड

खेडेगावात पाहुणा आला की यजमान त्याला पाहण्यासारख्या गोष्टी मोठ्या हौसेने दाखवितात. मारुतीचे देऊळ, शाळेची इमारत, नदीवरचा बंधारा, आणि जवळपास एखादा किल्ला असेल तर तोही. परंतु देवळाच्या पाठीमागे, पिंपळाच्या पाराला टेकून किंवा वेशीबाहेर निवडुंगाच्या आडोशाला जे चार-दोन कोरीव दगड उभे असतात, त्यांच्याकडे सहसा कोणी बोट दाखवीत नाही. पाहुण्याने आपण होऊन विचारलेच, तर उत्तर ठरलेले असते : “ते होय? ते पांडवांच्या वेळचे दगड.” एवढे बोलून मंडळी पुढे चालू लागतात.

आज आपल्याशी बोलावयाचे आहे ते या दगडांविषयीच. ते पांडवांच्या वेळचे नव्हेत. बहुतेक त्याच गावाच्या पंचक्रोशीत जगलेल्या आणि मेलेल्या माणसांचे आहेत. आणि त्या माणसांचा दुसरा कोणताही पुरावा आज उरलेला नाही.

यांतला नेहमी आढळणारा प्रकार म्हणजे वीरगळ. ‘कल्’ म्हणजे दगड. हा शब्द कानडी. त्यावरून वीरगळ, म्हणजे वीराचा दगड. हा दगड पुस्तकाच्या पानासारखा वरून खाली वाचावयाचा नसतो. तो खालून वर वाचावयाचा. बहुधा त्याचे तीन किंवा चार कप्पे असतात. अगदी खालच्या कप्प्यात वीर पडलेला दिसतो. त्याच्यावरच्या कप्प्यात लढाई चालू असते : ढाल, तलवार, क्वचित घोडा. त्याच्या वर दोहों बाजूंनी अप्सरा वीराला उचलून नेत असतात. सर्वांत वरच्या कप्प्यात तो शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला असतो. माथ्यावर कलश आणि चंद्र-सूर्य कोरलेले असतात. चंद्र-सूर्य असेतोवर ही कीर्ती राहो, असा त्याचा अर्थ. कप्प्यांची संख्या आणि क्रम कोठे कोठे बदलतात. पण कथा तीच.

खालच्या कप्प्यात पुष्कळदा गाई कोरलेल्या दिसतात, आणि तेथे या दगडांचे खरे महत्त्व लक्षात येते. हा वीर कोणा सम्राटाच्या दिग्विजयात पडलेला नाही. गावाची गुरे वळवून नेणाऱ्या टोळीच्या आड तो उभा राहिला आणि मेला. त्या काळी गुरे म्हणजे गावाचे सारे धन. अशा माणसाचे नाव ताम्रपटात येत नाही, बखरीत येत नाही. गावाने त्याच्यासाठी एक दगड घडविला, एवढीच त्याची नोंद. महाराष्ट्रातील बहुतेक वीरगळांवर तर अक्षरेही नाहीत. ज्यांनी दगड उभा केला, त्यांना नाव लिहिण्याची गरज वाटली नसावी. तो कोण होता, हे साऱ्या गावाला ठाऊकच होते.

सातारा जिल्ह्यातील वाईजवळच्या किकली गावी भैरवनाथाच्या देवळाच्या परिसरात असे कितीतरी वीरगळ एकत्र पाहावयास मिळतात. मुंबईच्या बोरिवली भागातील एकसर येथील वीरगळांवर तर वल्ही मारणाऱ्या नाविकांसह युद्धनौका कोरलेल्या आहेत. ती लढाई कोणती, यावर अभ्यासकांचे मतभेद आहेत. परंतु मध्ययुगातील कोकणच्या आरमाराचे असे चित्र अन्यत्र क्वचितच सापडेल. ठाणे जिल्ह्याच्या १८८२ सालच्या गॅझेटियरमध्ये या दगडांचे वर्णन आलेले आहे. आज त्यांच्या सभोवती महानगर पसरले आहे.

दुसरा प्रकार गधेगळांचा. शिलाहार राजांच्या अमदानीत कोकणात असे दगड पुष्कळ उभारले गेले. वर चंद्र-सूर्य, मध्ये दानाचा लेख आणि खाली गाढव व स्त्री यांची अभद्र आकृती. जो कोणी हे दान मोडील, त्याच्या कुळाला ही शिवी, असा त्याचा अर्थ. सरकारी नोकरीत आयुष्य चालले असल्यामुळे मला या दगडाचे विशेष कौतुक वाटते. आदेश काढणे सोपे. तो पाळला जावा ही चिंता मात्र हजार वर्षांपूर्वीच्या कारभाऱ्यांनाही होती! अलिबागजवळच्या अक्षी येथील प्रसिद्ध मराठी लेख अशाच एका गधेगळावर आहे. त्याचा काळ शके ९३४, म्हणजे इ. स. १०१२, असा वाचला गेला आहे. त्याविषयी विद्वानांत एकमत नाही; पण मराठीच्या अगदी आरंभीच्या लेखांत त्याची गणना होते, आणि तो कोणत्याही राजवाड्यात नव्हे, तर एका खेडेगावात सापडला.

तिसरा दगड पाहताना मन खिन्न होते. त्यावर कोपरात वाकलेला, बांगड्या ल्यालेला स्त्रीचा हात असतो. ती सतीशिळा. सतीच्या चालीवर १८२९ साली बंगाल इलाख्यात कायद्याने बंदी आली, आणि तिचा गौरव करण्यासही १९८७ च्या कायद्याने मनाई आहे. ती योग्यच आहे. म्हणून हा दगड पूजावयाचा नाही; पण फोडावयाचाही नाही. आपल्याच गावात काय घडत होते, हे सांगणारा तो साक्षीदार आहे.

हे बोलणे महाराष्ट्राबाहेर राहणारे मराठी बांधवही ऐकत असतील. त्यांना हे दगड परके वाटण्याचे कारण नाही. कर्नाटकात वीरगल्लु गावोगाव आहेत, आणि तेथील पुष्कळ दगडांवर लेखही आहेत. बंगळूरनजीकच्या बेगूर येथील सुमारे इ. स. ८९० च्या वीरलेखात ‘बेंगळूरु’ हे नाव येते. एवढ्या मोठ्या शहराच्या नावाचा इतका जुना दाखला एका पडलेल्या योद्ध्याच्या स्मरणार्थ कोरलेल्या दगडाने राखून ठेवला. मंड्या जिल्ह्यातील आतकूर येथील इ. स. ९४९-५० च्या लेखात तर रानडुकराशी झुंजताना मेलेल्या ‘काळी’ नावाच्या शिकारी कुत्र्याचे स्मारक केल्याची आणि त्यासाठी जमीन दिल्याची नोंद आहे. तमिळनाडूत अशा दगडाला ‘नडुकल्’ म्हणतात. तो कसा निवडावा, पाण्याने कसा शुद्ध करावा व कसा उभा करावा, याचे विधी ‘तोल्काप्पियम्’ या प्राचीन ग्रंथात सांगितले आहेत. सौराष्ट्र आणि कच्छमध्ये हेच ‘पाळिया’ होतात. त्यांवर बहुधा घोडेस्वार असतो आणि माथ्यावर तेच चंद्र-सूर्य! भाषा बदलते, पण गावासाठी मेलेल्या माणसाला दगडात राखून ठेवण्याची रीत बदलत नाही.

आता एक गोष्ट सांगावयाची आहे. ती माझ्या चुकीची आहे.

नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत एका खेड्यातील रस्ता रुंद करावयाचा होता. जागेची पाहणी करून पंचनामा झाला. त्यात एक ओळ होती : ‘रस्त्याच्या कडेस जुने दगड, नग सात, मालकी कोणाचीही नाही.’ मी त्याखाली सही केली. इतिहास घेऊन एम. ए. झालेला मी, वीरगळांवर परीक्षेत टिपण लिहिलेला मी. पण कागदावरच्या ‘नग सात’ या शब्दांपुढे मला दगड दिसलेच नाहीत. पुढे सहा-सात महिन्यांनी त्या गावी पुन्हा गेलो. रस्ता उत्तम झाला होता. ओढ्यावरच्या नव्या मोरीच्या बांधकामात दोन दगडांचे कोरीव तुकडे ओळखू आले; बाकीचे सापडले नाहीत. चावडीपाशी एक वृद्ध बाई माझी वाट पाहत उभ्या होत्या. त्या रागावल्या नव्हत्या. त्यांनी एवढेच विचारले, “साहेब, आमच्या घरातल्या लग्नाची पहिली अक्षत त्या वीराला असती. नातीचं लगीन ठरलंय. आता अक्षत कुठं ठिवायची?”

मला उत्तर देता आले नाही. ‘मालकी कोणाचीही नाही’ असे मी ज्याच्याविषयी मान्य केले होते, त्याला त्या घराने आपला मूळपुरुष मानून पिढ्यान्‌पिढ्या सांभाळले होते. तो वीर त्यांचाच पूर्वज होता की नाही, हे कोणी सिद्ध करू शकणार नाही. पण त्या घराच्या अक्षतेमुळेच तो दगड इतकी वर्षे जागेवर राहिला होता. आणि माझ्या सहीने तो गेला.

यावर कोणी म्हणेल, सरकारचे कायदे आहेत ना? आहेत. प्राचीन स्मारकांविषयीचा केंद्रीय कायदा १९५८ सालचा आहे. परंतु त्याखाली केंद्राने संरक्षित केलेली स्मारके साऱ्या देशात चार हजारांहूनही कमी आहेत, आणि २०११ च्या जनगणनेप्रमाणे खेडी सहा लाखांहून अधिक. राज्यांच्या याद्या धरल्या तरी शिवेवरच्या प्रत्येक दगडापाशी पहारेकरी उभा राहू शकत नाही. त्याला राखील तर गावच राखील.

त्यासाठी करावयाचे ते थोडेच आहे. दगडाला ऑइलपेंट लावू नये, तो सिमेंटात बसवू नये, घासून लखलखीत करू नये. त्याने झिजलेली रेघ कायमची जाते. अक्षरे दिसली तर ती खडूने किंवा खिळ्याने उजळू नयेत. त्यांचा ठसा घेणे हे जाणकारांचे काम आहे. दगड शक्यतो जागचा हलवू नये, कारण तो कोठे उभा आहे हाही इतिहासाचाच भाग आहे. त्याचे छायाचित्र घ्यावे, जागा आणि उंची टिपून ठेवावी, आणि मुख्य म्हणजे गावातील वडीलधाऱ्यांना विचारून त्याचे नाव, त्याची कथा, त्याचा नैवेद्य लिहून घ्यावा. ही नोंद ग्रामपंचायतीत आणि शाळेत ठेवावी, आणि एक प्रत राज्याच्या पुरातत्त्व खात्याकडे पाठवावी. पुढे कधी पंचनामा करावयास माझ्यासारखा कोणी आला, तर ‘जुने दगड, नग सात’ असे लिहिण्यापूर्वी त्याच्यासमोर तो कागद ठेवता येईल.

आपण पुढच्या खेपेस गावी जाल, तेव्हा सकाळच्या कोवळ्या उन्हात देवळाच्या मागे एक चक्कर टाकावी. तिरप्या उन्हात पुसट झालेले कोरीव काम उठून दिसते. भर दुपारी दिसत नाही. दगडापुढे बसावे आणि खालच्या कप्प्यापासून वाचावयास सुरुवात करावी. बरोबर घरातील मुलांनाही न्यावे, म्हणजे पुढच्या पाहुण्याला तो दगड तीच दाखवतील.