मुंबईच्या समोरचं अलिबाग

परभणीहून रात्री देवगिरी एक्स्प्रेस धरायची, सकाळी मुंबईत उतरायचं आणि गेटवेवरून मांडव्याची लाँच पकडायची. पलीकडे लाँचवाल्यांचीच बस उभी असते. गोदावरीपेक्षा मोठं पाणी न पाहिलेल्या आपल्या मंडळींची पहिली समुद्रसहल बहुधा अशीच होते: किनारा, घोडागाडी, तळलेलं पापलेट आणि परतीची घाई. गाव बघायचं राहूनच जातं.

अलिबागचं सगळं चरित्र समोरच्या मुंबईशी बांधलेलं आहे, आणि एकेकाळी वरचढ बाजू अलिबागची होती. शिवाजी महाराजांनी १६८० मध्ये अलिबागच्या समुद्रातल्या कुलाबा किल्ल्याचं काम हाती घेतलं. पुढे कान्होजी आंग्र्यांनी तिथून असा दरारा बसवला, की त्यांचं दस्तक नसलेलं जहाज सरळ अडवलं जाई. इंग्रज त्यांना चाचा म्हणत; जकात दुसऱ्यानं घेतली की ती चाचेगिरी, हा जुनाच न्याय. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून कुलाब्यावर चालून आले आणि हात हलवत परतले. कान्होजी १७२९ मध्ये गेले. त्यांची समाधी भर गावात आहे. आंग्र्यांचं संस्थान मात्र १८४० मध्ये खालसा झालं.

मग मुंबईनं आपली एक अडचण इकडे धाडली. तिथल्या कुलाबा वेधशाळेत पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजमापं होत. शहरात विजेच्या ट्राम येणार, तर नाजूक उपकरणं बिघडणार. म्हणून वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस यांच्या देखरेखीखाली अलिबागेत लोखंड कटाक्षानं टाळून इमारत उभी राहिली आणि १९०४ पासून नोंदी सुरू झाल्या. त्या आजही चालू आहेत. ज्या गावाच्या नावानं मुंबईकर दुसऱ्याला बावळट ठरवतात, त्या गावानं शतकभर असलं बारीक काम सांभाळलं! या हिणवणीवर बंदी घाला, अशी याचिका २०१९ मध्ये उच्च न्यायालयात गेली आणि फेटाळली गेली. योग्यच झालं. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ ऐकत वाढलेल्या आपल्याला तर असल्या बोलांचं वाईट वाटू नये.

आता मुंबई थेट मोटारी घेऊनच येते. मार्च २०२० मध्ये भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट सुरू झाली. नारळीपोफळीच्या वाड्यांत श्रीमंतांचे बंगले आधीपासून होतेच, आता कुंपणं वाढली. ज्या किहीममध्ये पक्षीतज्ज्ञ सलीम अली सुगरणींची घरटी निरखत बसायचे, तिथे जमिनीचे भाव ऐकून आपल्याकडचा बागायतदारही गप्प होईल. तरी इस्राएल आळीतलं सिनेगॉग आहे, आणि भौगोलिक मानांकन मिळालेला पांढरा कांदा उन्हाळ्यात रस्त्याकडेला माळांनी टांगलेला असतो.

जाणार असाल तर भरती-ओहोटीची वेळ आधी विचारून घ्या. पूर्ण ओहोटीला किल्ल्यात चालत जाता येतं. आत गणपतीचं देऊळ आहे, गोड्या पाण्याची विहीरही आहे. पाणी चढायच्या आत मात्र परत फिरा. आणि पावसाळ्यात गेटवेच्या लाँच बंद असतात, तेव्हा बेत दिवाळीनंतरचाच ठेवा.