कुळथाच्या नावाचा हिशोब

रक्तपेढीत ए गटाचं रक्त ए-वन आहे की ए-टू, हे ठरवायला एक छोटी बाटली काढतात. त्यातल्या द्रवाचा थेंब रक्तपेशींवर टाकला की ए-वनच्या पेशींच्या गुठळ्या होतात, ए-टूच्या होत नाहीत. बाटलीत असतो कुळथाचा अर्क, योग्य तेवढा पातळ केलेला. कोकणात पिठलं आणि देशावर माडगं ज्याचं करतात, तोच कुळीथ. बाटलीवरचं नाव मात्र बहुधा ‘डॉलिकॉस बायफ्लोरस’ असतं आणि ते कुळथाचं नाव नव्हे. लिनियसने 1753 साली ज्या झाडाला ते दिलं ती चवळी होती. पुढे केव्हातरी हे नाव कुळथाला चिकटलं आणि शेतीच्या, पशुखाद्याच्या, वैद्यकाच्या पुस्तकांतून तसंच चालत राहिलं. कुळथाला लामार्कने 1786 मध्ये ‘डॉलिकॉस युनिफ्लोरस’ म्हटलं होतं. 1970 मध्ये लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानातल्या बर्नार्ड व्हर्डकोर्ट यांनी ही जात मॅक्रोटायलोमा प्रजातीत नेली. आज कुळीथ म्हणजे मॅक्रोटायलोमा युनिफ्लोरम.

याचा परिणाम रोजच्या कामावर होतो. कुळथावर दीडशे वर्षांत झालेलं संशोधन शोधायचं, तर ही तिन्ही नावं ठाऊक हवीत. आणि त्यातलं एक नाव टंकलं की मधूनमधून चवळीही समोर येणार, हेही ठाऊक हवं. हा गुंता एकदाच, सगळ्यांसाठी, नीट सोडवून ठेवणारी एक यादी आहे: जगातल्या सगळ्या शेंगवर्गीय वनस्पतींची नामावली. ती सांभाळणाऱ्या मंडळींबद्दल मला मनापासून आदर आहे.

शेंगवर्गीयांचं हे शिंबी कुळ सपुष्प वनस्पतींमधलं तिसरं मोठं कुळ. त्याच्यापेक्षा मोठी फक्त सूर्यफुलाचं आणि ऑर्किडचं. तूर, हरभरा, भुईमूग, मेथी, चिंच, पळस, पांगारा, बहावा, आपटा, शमी, लाजाळू अशी सगळी भावंडं त्यात आहेत. प्रजाती पावणेआठशेच्या आसपास, जाती वीस हजारांच्या घरात. एकट्या ॲस्ट्रॅगॅलस प्रजातीत तीन हजारांच्या आसपास जाती आहेत. एवढा पसारा एका माणसाच्या आवाक्यातला नाही, हे या शाखेतल्या लोकांनी फार लवकर ओळखलं. 1975 पासून ‘बीन बॅग’ नावाचं वार्तापत्र त्यांच्यात फिरू लागलं. 1978 मध्ये क्यूला पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली. 1980 च्या दशकात इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टन विद्यापीठातून फ्रँक बिस्बी यांनी ‘इल्डिस’ हा शेंगवर्गीयांचा जागतिक माहितीसाठा उभा करायला घेतला. संगणकाची स्मृती महाग होती त्या काळात देशोदेशीचे तज्ज्ञ आपापल्या भागातल्या नोंदी तपासून पाठवत होते. सगळ्या सजीवांची एकत्र सूची करण्याच्या पुढच्या प्रकल्पांना बिस्बींच्या या कामाचा मोठा आधार मिळाला.

आता ही धुरा ‘लेग्यूम फायलोजेनी वर्किंग ग्रुप’ या अभ्यासगटाकडे आहे. 2017 साली या गटाने कुळाची जुनी तीन उपकुळांची मांडणी मोडून सहा उपकुळांची नवी मांडणी केली. त्यासाठी 698 प्रजातींच्या हरितलवकातला एक जनुक तपासला होता. शंभराच्या आसपास अभ्यासकांनी मिळून लिहिलेल्या त्या निबंधावर लेखक म्हणून गटाचं नाव आहे. शास्त्राच्या जगात पहिल्या लेखकाच्या जागेला केवढं मोल असतं हे ज्याला माहीत आहे, त्याला यातलं मोठेपण कळेल.

यादीचं काम कसं चालतं? क्यूची जागतिक वनस्पतिसूची हा पाया. त्यातली प्रजाती त्या-त्या जाणकाराने हातात घ्यायची आणि एकेक नाव तपासायचं. कोणी दिलं, कधी, कुठे छापलं. ज्या वाळवलेल्या नमुन्यावरून दिलं त्याचा कागद कोणत्या संग्रहालयात आहे. त्याआधी हेच झाड दुसऱ्या नावाने नोंदलं गेलं होतं का. मग ग्राह्य नाव एक, बाकीची त्याखाली पर्यायी नावं म्हणून. जुनं नाव कधीही खोडायचं नाही, कारण ज्याच्या हातात जुनं पुस्तक आहे त्यालाही याच दारातून आत यायचं असतं. एकाला दोन जाती दिसतात तिथे दुसऱ्याला एकच दिसते. अशा वेळी पुरावा मांडून बोलावं लागतं, आणि यादीत शेवटी एकच निर्णय जातो.

सगळे वाद सौम्य नसतात. बाभळीचा तर वर्षानुवर्षं चालला. अकेशिया ही प्रजाती एकसंध नाही, हे सिद्ध झाल्यावर ती फोडणं भाग होतं. नियमाप्रमाणे ‘अकेशिया’ हे नाव आपल्या बाभळीच्या गटाकडे राहायला हवं होतं. पण ऑस्ट्रेलियात हजाराच्या आसपास जाती, त्या सगळ्यांची नावं बदलावी लागली असती. 2005 मध्ये व्हिएन्नाच्या आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदेत नाव ऑस्ट्रेलियाच्या गटाकडे गेलं, 2011 मध्ये मेलबर्नला त्यावर शिक्कामोर्तब झालं. आपली बाभूळ व्हॅशेलिया झाली, खैर सेनेगालिया. आफ्रिकेतल्या आणि आपल्याकडच्या अनेकांना हे लागलं, आणि ते लागणं मला रास्त वाटतं. तरीही निर्णय झाल्यावर यादीत तो पाळला गेला. 2022 मध्ये प्रोसोपिस फुटली तेव्हा उलट घडलं: माळरानं गिळणारी वेडी बाभूळ नेल्टुमा झाली आणि मूळ नाव शमीकडे राहिलं, कारण लिनियसने ती प्रजाती शमीवरूनच उभी केली होती.

नाव बदललं की शेतकऱ्याला काय त्याचं, असं विचारणाऱ्यांना तुरीचं उदाहरण द्यावं. तुरीची रानटी भावंडं पूर्वी ॲटायलोसिया या वेगळ्या प्रजातीत होती. बियांवरच्या एका मांसल उंचवट्यावरून ती वेगळी काढलेली. पण तुरीशी त्यांतल्या काहींचा संकर होत होता. डच वनस्पतिशास्त्रज्ञ व्हॅन डर मेसन यांनी हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या शेती-संशोधन संस्थेत तुरीवर काम केलं होतं. 1986 च्या आपल्या प्रबंधात त्यांनी ही सगळी भावंडं तुरीच्या कजानस प्रजातीत आणली. त्यातल्याच कजानस कजानिफोलियस या रानतुरीच्या पेशीद्रव्यातून नर-वंध्य वाण तयार झाला आणि त्यावर आयसीपीएच 2671 हा संकरित तुरीचा वाण उभा राहिला. संकराचा हा मार्ग पैदासकारांनी शोधला. नातं नावातच दिसेल अशी सोय मेसन यांनी करून ठेवली.

यादी पुरी होत नाही, कारण जंगल पुरतं पाहून झालेलं नाही. 2012 मध्ये सह्याद्रीतून मुगाची एक रानजात नव्याने वर्णिली गेली, व्हिग्ना सह्याद्रियाना. तिच्या अभ्यासकांमध्ये कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचीही मंडळी होती. तिची नोंद जिच्याशेजारी तपासावी लागते, ती जात मुंबईच्या सेंट झेवियर्सच्या फादर सांतापाव यांनी खंडाळ्यावरून फॅसिओलस खंडालेन्सिस म्हणून नोंदवली होती. मूग-उडीद फॅसिओलसमधून व्हिग्नात आले, तशी तीही आली. सांतापाव यांचं जुनं नाव आता पर्यायी नावांत आहे. सह्याद्रीतला नमुना घेऊन बसलेल्या विद्यार्थ्याला दोन्ही जातींचे कागद शेजारी ठेवून पानांचे, शेंगांचे फरक पुन्हा पाहावे लागतात.