इंधनकाटा : दोष टाकीत की मीटरमध्ये? (लेखांक नववा)

दुचाकीच्या वायरिंगचा माग गेल्या आठवड्याच्या लेखांकात मीटरपर्यंत पोहोचला असल्याने आता फ्लॅशरचे विवेचन अपेक्षित होते. परंतु एका वाचकाच्या पृच्छेमुळे ते पुढे ढकलणे भाग आहे. टाकी काठोकाठ भरली तरी काटा रिकाम्याच्या खुणेवरच राहतो आणि नवे मीटर बसवूनही फरक पडत नाही, असे त्यांनी कळवले आहे.

टाकीच्या तळाशी बसवलेल्या टँक युनिटमध्ये पेट्रोलवर तरंगणारा फ्लोट असून त्याची दांडी बारीक तारेच्या वेटोळ्यावरून धातूची एक पत्ती सरकवते आणि त्यामुळे मंडलातील रोध, म्हणजे विद्युतप्रवाहाला होणारा अडथळा, बदलतो. बऱ्याच जपानी धाटणीच्या गाड्यांत टाकी भरलेली असता हा रोध सुमारे १० ओहमच्या आत, तर रिकामी असता १०० ओहमच्या आसपास असतो. अशा गाडीत वायर तुटली किंवा जोड गंजला, तर मीटर ‘टाकी रिकामी’ असाच अर्थ लावते.

म्हणून मीटर उघडण्यापूर्वी चाचणी टाकीखालच्या जोडापाशी करावी. चावी बंद ठेवून जोड सोडवावा, मीटरकडे जाणाऱ्या बाजूची दोन टोके तुकडा-वायरीने जोडावीत आणि मग चावी क्षणभर चालू करावी. काटा वर चढू लागला, तर मीटर व वायरिंग निर्दोष असून दोष टाकीतच आहे. काटा हललाच नाही, तर आधी सांगाड्याला जोडलेली अर्थिंगची वायर तपासावी, कारण रंगाच्या थराखाली वा गंजावर आवळलेला स्क्रू वरून घट्ट दिसला तरी प्रवाह अडवतो. काही गाड्यांत रोधाचा क्रम उलट असतो आणि अंकदर्शी मीटरांना ही चाचणी लागू पडत नाही, हे ध्यानात ठेवावे.

टँक युनिट काढताना पेट्रोल पूर्ण उपसावे. पेट्रोलची वाफ हवेहून जड असल्याने जमिनीलगत पसरते, त्यामुळे आसपास ज्योत वा ठिणगी असता कामा नये. फ्लोट कानाशी हलवल्यास आत शिरलेल्या पेट्रोलचा आवाज येतो. पितळी फ्लोटमधील सूक्ष्म छिद्र शोधण्यासाठी तो शेगडीपासून दूर, गरम पाण्यात बुडवावा. आतली हवा प्रसरण पावून छिद्रातून बुडबुडे येतात. त्यावर डाग देण्याचा मोह मात्र टाळावा, कारण आत वाफ उरलेली असल्यास ती पेटू शकते, आणि डागाच्या वजनाने फ्लोट खोल बुडून काटा प्रत्यक्षाहून कमी पेट्रोल दाखवू लागतो. फ्लोट बदलणे हाच योग्य मार्ग होय.

काटा बराच काळ ‘भरलेली’ दाखवून मग झपाट्याने उतरतो, ही तक्रारही वारंवार येते. टाकी सांगाड्यावर खोगिरासारखी बसते, तिच्या दोन्ही बाजूंच्या पोकळ्या खाली निमुळत्या होतात आणि फ्लोट मोजतो ती पातळीची उंची, पेट्रोलचे घनफळ नव्हे. त्यामुळे समान पेट्रोल संपले तरी काटा समान अंतर उतरत नाही. हा दोष नव्हे आणि त्यासाठी काहीही दुरुस्त करू नये. बाजूच्या स्टँडवर कललेल्या गाडीचा काटाही विश्वसनीय नसतो. पृच्छक वाचकाने चाचणी गाडी मधल्या स्टँडवर सरळ उभी करूनच करावी.